नऊ तास पन्नास मिनिटं

आमच्या घरात विमानाची पोचण्याची वेळ कोणी तिकिटावर बघत नसे. निघायची वेळ मला सांगायची, पोचायची मी सांगायचो. एकतीस वर्षं मी हेल्सिंकीच्या विमानतळावर तेच काम केलं. विमान कुठल्या वाटेने न्यायचं, वारा किती, इंधन किती भरायचं आणि ते उतरेल कधी, हे सगळं जमिनीवर बसून ठरवायचं. वैमानिक टोपी घालून मिरवतात, गणित आम्ही करतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी ओळखीचे लोक अजून मला विचारतात. फोनवर त्यांना सगळं दिसत असतं. पण विचारलं की म्हाताऱ्याला बरं वाटतं, म्हणून विचारतात. हे मला कळत नाही असं नाही. तरी मला बरं वाटतंच.

आमची मुलगी औती आठ वर्षांपूर्वी टोकियोला गेली. नाटकाच्या आणि गाण्याच्या मोठ्या सभागृहांत आवाज कुठून कसा फिरतो, हे तपासायचं तिचं काम. तसलं काम फिनलंडमध्येही मिळालं असतं असं माझ्या बायकोचं, राइलीचं, म्हणणं. राइली फार बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी विमानतळावर सगळ्यांसमोर बोलली. औतीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन बसायचंय ना तुला? मग मी मेल्यावरही यायची तसदी घेऊ नकोस."

औतीने बॅग उचलली आणि आत गेली.

परत येताना गाडीत राइली रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मला येतं ते बोललो. "नऊ तास पन्नास मिनिटं लागतात तिथून यायला," मी म्हणालो. "वारा बरा असला तर पावणेदहाच. उत्स्योकीला तुझ्या भावाकडे जायला आपल्याला गाडीने पंधरा तास लागतात. तिकडे जाताना रडतेस का कधी?"

"तिकडून मी परत येते," राइली म्हणाली.

पण तो आकडा तिला लागू पडला. नंतर कधी ती जेवताना गप्प झाली, खिडकीशी उगीच उभी राहिली, की मी म्हणायचो, "नऊ तास पन्नास मिनिटं." ती म्हणायची, "हो रे बाबा, माहितेय." आठ वर्षं मी तिला तो आकडा गोळीसारखा देत आलो. ते विमानतळावरचे शब्द मात्र तिने परत घेतले नाहीत. आमच्याकडे माफी मागायची झाली की वेलदोड्याचे बन भाजून समोरच्याच्या पुढ्यात ठेवतात, आणि समोरच्याने दुसरा बन उचलला की मिटलं. औती तीनदा घरी आली, तिन्ही वेळा राइलीने बन भाजले. औती एकच खायची. तिथे गोड कमी खायची सवय लागलीय म्हणाली.

शेवटची आली त्यालाही चार वर्षं झाली होती. आधी ती साथ आली, मग तिचं काम. मग राइलीच्या पोटातलं दुखणं हाडांत पोचलं, आणि एप्रिलमध्ये आम्ही तिला हेल्सिंकीजवळच्या व्हान्ता शहराच्या कडेला असलेल्या त्या घरात नेलं. तिथे माणसाला बरं करत नाहीत, नीट जाऊ देतात. खोली चांगली होती. खिडकीबाहेर भूर्जांची झाडं, आणि इमारतीच्या सावलीत उरलेला काळपट बर्फ.

गुरुवारी डॉक्टरांनी मुलीला बोलावून घ्या म्हणून सांगितलं. औतीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला तिचा मेसेज आला: "दार बंद होतंय. दहा चाळीसला सुटतंय. पुढचं तुझं."

तिकडचे दहा चाळीस म्हणजे आमचे चार चाळीस. राइली जागी होती.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"अडीचला उतरेल. साडेतीनला तुझ्यासमोर."

स्वतःचं नाव सांगताना माणूस विचार करतो का? मीही केला नाही. तिथेच चुकलो. काय चुकलो ते मला दुपारी कळलं.

सकाळी आठला डॉक्टर आल्या, मागे नर्स मिर्का. मिर्का साठीला टेकलेली, सावोकडची. म्हणजे साधं हो किंवा नाही तिच्याकडून कोणाला मिळायचं नाही. डॉक्टर मात्र सरळ बोलायच्या. त्यांनी माझ्याकडे न बघता राइलीकडे बघून सांगितलं, "पंपातून चालू आहे ते चालूच राहील. त्याच्यावर आणखी एक मोठा डोस देता येईल. त्याने तू चार तास झोपशील, मग उठशील, आणि दोन-अडीच तास डोकं साफ राहील. पण त्याच्यानंतरचा डोस दिला तर तू उठशीलच असं मी सांगणार नाही. श्वास तेवढा उरलेला नाही. तेव्हा हा एक डोस कधी वापरायचा ते बघ. मुलगी कधी येतेय?"

"साडेतीनला," मी म्हणालो.

"नक्की?"

मला राग आला. राइलीला ते दिसलं असावं. ती उशीवरूनच म्हणाली, "डॉक्टर, हा लग्नाला वीस मिनिटं उशिरा आला होता. पण विमानाच्या बाबतीत कधी चुकला नाही."

"डोसाशिवाय दुपारपर्यंत काढवेल का तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढवेल. पण दुपारी घेतला तर ती येईल तेव्हा मी घोरत असेन."

म्हणून डोस नऊला द्यायचं ठरलं. एकपर्यंत झोप, मग साडेतीनपर्यंत दात आवळून जागं राहायचं, औतीशी बोलायचं, आणि मग ते झोपेचं औषध, ज्याच्यातून उठवत नाहीत. सगळं माझ्या एका आकड्यावर बेतलं. तिघींनी ठरवलं आणि मी मान डोलावली.

मिर्का सुई भरत होती तेव्हा राइलीने विचारलं, "आत्ता कुठे असेल?"

हा आमचा जुना खेळ. औती हवेत असली की राइली विचारायची आणि मी खालची जागा सांगायचो. "लेना नदीवर," मी म्हणालो. राइलीने सायबेरिया जन्मात पाहिला नव्हता, पण त्या वाटेवरच्या नद्या तिला आमच्या बसच्या थांब्यांसारख्या पाठ होत्या. "मग येनिसेई," ती म्हणाली, "मग ओब..." आणि झोपली.

एकला उठली तेव्हा खरंच ताजी होती. चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे तिचेच. मिर्काला म्हणाली, "केस विंचर. मेल्यावर विंचरतीलच, पण ते कोण बघणार?"

"तुझ्यासारख्या इथे चार असत्या तर मला पगार नको होता," मिर्का म्हणाली. "उलट मीच तिकीट काढून आले असते."

निळा स्वेटर घालून झाला. मी म्हणालो, "पेचोरा ओलांडली."

"मला दोघींनाच बोलायचंय," राइली म्हणाली. "ती आली की तू बाहेर जा. कॉफी पी. दोन कप पी."

"ते विमानतळावरचं?"

"मग काय, हवापाण्याचं?"

"फोनवर बोलून टाकायचं होतंस. दर रविवारी तर बोलता. हल्ली तोंडही दिसतं."

"फोनवर दिसतं ते तोंड असतं का? मध्येच अडकतं, आणि अडकलेलं माणूस माफ केल्यासारखंच दिसतं." तिला हसू आलं आणि हसण्याने दुखलं. मग ती म्हणाली, "मी तिच्या तोंडाकडे बघून बोलले होते, तोर्स्ती. परत घ्यायचं तर तसंच घ्यायला हवं. ती काय करते ते मला बघायचंय."

पावणेदोनला मी म्हणालो, अर्खांगेल्स्क. सव्वादोनला म्हणालो, आपली सरहद्द, आता खाली यायला लागली. अडीचला घड्याळ बघून म्हणालो, "उतरली."

राइलीने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "मला बसतं करा."

आडवं असताना तिचं दुखणं थोडं दबून असायचं. बसतं केलं की हाडं बोलायला लागायची. मिर्का म्हणाली, ती आली की बसवू ना. राइली ऐकेना. मुलीने दारातून बघितलं तर आई बसलेली दिसायला हवी. आम्ही दोघांनी तिला उशा लावून बसवलं. तिने ओठ आवळले आणि दाराकडे बघत राहिली.

तीन वाजले. मेसेज नाही. मी म्हणालो, पासपोर्टाच्या रांगेत असेल. सव्वातीन झाले. राइलीच्या कपाळावर घाम आला होता. मी बाहेर आलो, फोन लावला, लागेना.

मिर्का कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती, दुसऱ्या हातात तिचा फोन. "तोर्स्ती," ती म्हणाली, "म्हटलं बघावं तरी पोरगी कुठवर आली. हे उतरायची वेळ सहा पाच दाखवतंय."

"ते फोनवालं काहीही दाखवतं."

"दाखवत असेल बाबा, मी काय त्यातली? पण ते विमान बघ ना कुठे आहे."

मी चष्मा लावला. पडद्यावर ते इवलंसं पिवळं विमान पार उत्तरेला, स्वालबार्डच्या बाजूला, बर्फाच्या समुद्रावर होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? त्या वैमानिकाचा राग आला. तिकडे काय करतोय हा गाढव, असंच आलं मनात. आणि मग आठवलं.

युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. रशियावरचं आकाश आमच्या विमानांना बंद झालं होतं. टोकियोचं विमान आता जपानहून वर बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे जातं, ध्रुवाजवळून येतं आणि नॉर्वेवरून खाली उतरतं. तेरा तास वीस मिनिटं. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. हेच तर सगळ्यात वाईट. आकाश बंद झालं त्या आठवड्यात मी टीव्हीपुढे बसून शिव्या घातल्या होत्या. शेजारच्या आल्पोला पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन समजावलं होतं, पावणेआठ हजार किलोमीटरची वाट आता तेरा हजारांच्या घरात गेली म्हणून. जुन्या ऑफिसातल्या एकाने फोन करून सांगितलं होतं की ध्रुवावरच्या थंडीचे पोशाख पुन्हा विमानात ठेवायला लागलेत. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण राइलीने विचारलं तेव्हा मी डोक्याला विचारलंच नाही. तोंडात आठ वर्षांची जी गोळी होती ती काढून दिली.

मी भिंतीला टेकलो. मिर्काने थर्मास खाली ठेवला.

"साडेतीन तास," मी म्हणालो. "बाहेर येऊन इथे पोचेपर्यंत सात वाजतील."

"तिचा डोस गेलाय सकाळीच," मिर्का म्हणाली. पहिल्यांदाच ती एक सरळ वाक्य बोलून थांबली.

मी आत गेलो. राइली दाराकडेच बघत होती.

"समोरून वारा होता," मी म्हणालो. "उशीर होतोय."

"किती?"

"साडेतीन तास."

तिने माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली होती. "वारा तुझ्या तोंडून कधी चाळीस मिनिटांच्या वर गेला नाही," ती म्हणाली. "काय झालं ते सांग. पडलं का विमान?"

"नाही, नाही. विमान ठीक आहे. मी चुकलो." आणि सगळं सांगितलं. आकाश बंद, ध्रुव, तेरा तास. सांगताना मी तिच्या पांघरुणाकडे बघत होतो.

तिने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे सकाळपासून तू मला जिथून फिरवलंस, तिथे ती नव्हतीच."

"नव्हती."

"मी मनात तिच्याशी बोलत होते. तुझ्या त्या पेचोरावर." तिचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तेवढं एक काम होतं तुझं, तोर्स्ती. तेवढं एकच सांगितलं होतं तुला."

"हो."

"आता खरंच किती?"

"सात."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मिर्का मागे उभी होती. ती म्हणाली, निदान आडवी हो, उशा काढते. राइली म्हणाली, "नको. पुन्हा बसवताना जीव जाईल. बसते अशीच."

"राइली, डोस देऊ का? डॉक्टर म्हणाल्या ते खरं, पण खात्रीने उठणार नाहीसच असंही नाही."

"सातनंतर दे. पाहिजे तेवढा दे."

मी औतीला मेसेज पाठवला: आई जागी आहे, तुझी वाट बघतेय. तो गेलाच नाही. इतक्या उत्तरेला विमानात कसलाच संपर्क लागत नाही, उपग्रह क्षितिजाच्या खाली जातात. हेही मला माहीत होतं. मला सगळं माहीत असतं. साडेचारच्या सुमाराला गेला, आणि लगेच उत्तर आलं: "येतेय. तिला सांग येतेय." जणू तिने सांगितलं म्हणून विमान जास्त पळणार होतं. मी ते राइलीला वाचून दाखवलं. तिने मान हलवली. बोलायला तोंड उघडलं तर दुसरंच काही बाहेर येईल म्हणून ती बोलत नव्हती.

"मला सांग, मी लिहून घेतो," मी म्हणालो. "आत्ता मेसेज जातोय. विमानातच वाचेल ती."

तिने नाही म्हणून हात हलवला.

पाच वाजेपर्यंत ती तशीच बसून होती. स्वेटरची बाही तिने मुठीत धरली होती, ती सैल करून पुन्हा धरायची. मी तिचा दुसरा हात धरला तर तिने काढून घेतला. रागाने नाही. अंगाला काही लागलेलं सोसत नव्हतं. मी खुर्ची लांब सरकवली. मी तिला त्या उशांना बांधून ठेवलंय असंच मला वाटत होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पाच वीसला तिच्या घशातून आवाज आला. औतीच्या जन्माच्या वेळी मी बाहेर होतो. तेव्हा आला असेल तर असेल. मी तो कधी ऐकला नव्हता. शेजारच्या खोलीतली कुजबुज बंद झाली.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"दीड तास."

"खरं?"

"खरं. या वेळी खरं. नॉर्वे ओलांडलं."

"तुझ्या दीड तासाचं काय सांगावं," ती म्हणाली. तोंडाचा एक कोपरा वर गेला, आणि तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "तू ठरव. माझ्यात ठरवायला काही उरलं नाही."

मिर्का सुई घेऊन आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही सुचवलं नाही. दीड तास. चांगला वारा असला तर पाच मिनिटं कमी. मी तिला म्हणू शकलो असतो, थांब, एवढं सोसलंस तर आणखी थोडं. आमच्याकडे सोसायला शिकवावं लागत नाही, ती थांबली असती. पण मला ते बघवत नव्हतं. तिच्यासाठी ठरवलं की माझ्यासाठी, हे तेव्हा मला कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

"दे," मी म्हणालो.

औषध जाईपर्यंत राइली माझ्याकडे बघत होती. आता तिने माझा हात धरू दिला. "तिला सांग," ती म्हणाली, "ते शब्द मी परत घेते. कोणते ते तिला कळेल." मग थोड्या वेळाने, "तिचं तोंड कसं होतं ते मला सांग." मूठ सैल पडली. आम्ही उशा काढून तिला आडवी केली, तेव्हा तिला काही कळलं नाही.

सातला दहा कमी असताना औती आली. पाठीवर एकच पिशवी, डोळे लाल, केस एका बाजूला चपटे झालेले. अडतीस वर्षांची बाई, पण मला ती शाळेच्या सहलीहून आल्यासारखी दिसली.

"जागी आहे?"

"नाही," मी म्हणालो. "पावणेसहापासून नाही. आणि उठेल असं नाही." मग तिथे कॉरिडॉरमध्येच सगळं सांगितलं. अडीच, सकाळचा डोस, बसून काढलेले तास, आणि 'दे' मी म्हणालो ते. काही वगळलं नाही.

औतीने पिशवी खाली ठेवली. "बोर्डिंग पासवर सहा पाच लिहिलं होतं, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय, छापलेलंच होतं. मेसेजमध्ये लिहिलंही होतं मी. मग खोडलं." ती जमिनीकडे बघत होती. "म्हटलं, ते तुझं असतं. सकाळी सकाळी तुला तेवढंच काहीतरी करायला."

मिर्काने दोन कप कॉफी आणून आमच्या हातांत दिली आणि गेली. आम्ही ती उभ्याउभ्या प्यायलो, आणि मग आत गेलो.

औती खुर्ची ओढून बसली. आईच्या कपाळावरचे केस तिने मागे केले. "केस विंचरलेत," म्हणाली.

"तुझ्यासाठी. औती, तिने निरोप दिलाय. ते शब्द परत घेते म्हणाली."

"कोणते शब्द?"

मला वाटलं, ती मला सोपं करून देतेय. "विमानतळावरचे. पहिल्यांदा निघालीस त्या दिवशीचे."

औती आठवायला लागली. खरंच आठवायला लागली. लहानपणी गणित अडलं की करायची तशा भुवया करून. "त्या दिवशी तिने माझ्या बॅगेत राय धान्याचे चार काळे पाव कोंबले. चेन लागेना. तू म्हणालास दोन काढ, तर तुझ्यावर ओरडली. ते?"

"ते नाही. मी मेल्यावरही येऊ नकोस, असं म्हणाली होती."

"आई?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

औती आईकडे बघत राहिली. मग मान हलवली. "म्हणाली असेल. मला नाही आठवत, बाबा. त्या दिवशी मी इतकी घाबरले होते, मला घराची किल्लीसुद्धा कुठे ठेवली ते आठवत नव्हतं. पाव आठवतात. महिनाभर पुरवले ते मी."

एकतीस वर्षं मी वैमानिकांचे जबाब वाचले. माणूस काही लपवतंय की नाही ते मला कळतं. ती काही लपवत नव्हती. आठ वर्षं राइलीने जे उराशी धरलं, ज्याच्यासाठी ती दुपारभर त्या उशांना टेकून बसली, ते औतीच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बन एकच खायची, कारण तिला खरंच गोड नको असायचं.

"हे तिला सांग," मी म्हणालो. "कानाशी वाकून सांग. मोठ्याने."

औती वाकली. "आई, मी आलेय. मला काही आठवत नाहीये. तू म्हणतेस ते काही नाही आठवत. नुसते पाव आठवतात." राइलीचा श्वास जात होता तसाच जात राहिला. मी म्हणालो, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. मी चौथ्यांदा सांग म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बस," आणि डोकं आईच्या पांघरुणावर टेकलं.

रविवारी सकाळी अकराला राइली गेली. मधल्या वेळात ती उठली नाही. औतीचं तोंड कसं होतं ते मी तिला सांगितलं, तिने सांगायला लावलं होतं म्हणून. ऐकलं की नाही, कोणी सांगू शकत नाही.

मी पहाटे 'सहा' म्हणालो असतो, तर डोस साडेबाराला दिला असता. साडेचारला राइली उठली असती, सातला तिचं डोकं साफ असतं, आणि औती समोर बसून म्हणाली असती, कोणते शब्द? मी दाराबाहेर कॉफी घेऊन उभा असतो. तरी मला ऐकू आलंच असतं, कारण राइली भडकली असती. आठ वर्षं मी मरते आहे आणि हिला आठवतही नाही, म्हणून तिने सगळी इमारत डोक्यावर घेतली असती. तिचा तो राग मला ऐकायचा होता.